चढावरची टकटक

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत बसलो होतो. शनिवारची सकाळ, नऊ वाजून गेले असतील. नाशिकहून भाचीचा, रश्मीचा फोन होता. "मामा, आई गेली," ती म्हणाली. मी विचारलं, "कशानं?" मग तिनं सांगितलं की अकोल्याच्या शेजाऱ्यांनी कळवलं, आई भाजी घेऊन जिना चढत होती, दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून पायरीवर बसली, ती उठलीच नाही. "बहुतेक हार्ट..." "बहुतेक म्हणजे काय? डॉक्टरांनी पाहिलं की नाही?" मी म्हणालो. आज सहा आठवडे झाले, तरी ते बोलणं आठवलं की मला माझीच किळस येते. सख्खी बहीण गेली होती, पोर पलीकडे एकटी उभी होती, आणि मी असा चौकशी करत होतो, जसं काही कोणी बंद पडलेली गाडी ढकलत माझ्या दारात आणून लावली होती. तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा वर्ग घेतला. माणसाशी बोलायचं कसं ते त्यात कुठे नव्हतं, असं म्हणून सुटता येईल. पण आमच्याच घरात ते उत्तम येणारं एक माणूस होतं, आणि मी त्याच्याकडून काही शिकलो नाही.

शकुंतला, म्हणजे शकूताई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी ती अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायचे ते दिवस. पुढे यंत्रं बदलली, ऑपरेटरांची गरज संपली, आणि तिला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथे तिचं खरं कसब दिसलं. लोक फोन करून सांगायचे की लाइनवर खरखर येते, आणि ताई ती खरखर नुसती ऐकून सांगायची की जॉइंटमध्ये पाणी गेलंय, का तार झाडाला घासतेय, का तुमच्या घरातला फोनचा डबाच खराब झालाय. लाइनमन लोक खांबावर चढण्याआधी तिला विचारून जायचे. घरी आम्ही हसायचो, "ताईचे कान सरकारी आहेत," म्हणायचो. बाबा गेले तेव्हा मी पुण्यात प्रशिक्षणाला होतो. ताईनं स्वतःच लाइन जोडली आणि मला होस्टेलच्या फोनवर बोलावून घेतलं. "सुध्या, कोनी हाय काय तुह्याजवळ? आधी खाली बस. बसला काय? ... बाबा गेले रे." मी रडत राहिलो आणि ती पलीकडे काही न बोलता थांबली. तिनं समजूत घातली नाही, घाईनं फोनही ठेवला नाही. बराच वेळ लाइनवर तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. बातमी कशी सांगायची ते तिनं मला असं दाखवलं होतं, आणि तिची बातमी आली तेव्हा मी विचारलं, कशानं.

भाऊजी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ताई निवृत्त झाली आणि तिनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. नातेवाइकांना नवल वाटलं. साठीला टेकलेली विधवा बाई गाडी शिकतेय, आणि ती का, तर म्हणे अमरावतीला भावाकडे जायला एसटीच्या गर्दीत उभं राहवत नाही. गाडी मीच पाहून दिली. सेकंडहँड, लहान, पेट्रोलची, अगदी साधी. इंजिन तपासून मीच म्हटलं होतं, "घे डोळे मिटून." मग दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी ताई मूर्तिजापूर, बडनेरा करत आमच्या दारात हजर. थंडीत मागच्या सीटवर ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी, एरवी डब्यात पातोड्या. माझी बायको नंदा म्हणायची, "ताईंना गाडी आल्यापासून त्या दहा वर्षांनी लहान झाल्या." खरंच होतं ते. उतरल्या उतरल्या ताई रस्त्याचा सगळा वृत्तांत सांगायची. कुठे डांबर उखडलं, कोणत्या ट्रकवाल्यानं जागा दिली, बोरगावजवळ कुठली टपरी नवीन झाली. ती बोलायची आणि मी पेपर वाचत हूं हूं करायचो.

तीनेक वर्षं गाडी चांगली चालली. मग एका एप्रिलमध्ये ताई आली तीच म्हणाली, "सुध्या, गाडी चढावर टकटक करून राहिली. पुलावर चढली की वाटीत शेंगदाने टाकून हलवल्यावानी आवाज येते. सपाट रस्त्यावर नाही येत. उन्ह जास्त असलं की जास्त येते." मी बोनेट उघडून गाडी जागेवरच चालू केली, ऐकलं, म्हटलं, काही नाही, व्हॉल्व्हच्या टॅपेटचा आवाज असेल, गाडी जुनी झाली की येतोच. पुढच्या खेपेला ती खुशीत होती. पंपावर कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं महागाचं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून पाहिलं होतं, आणि टकटक बंद झाली होती. "एकदम बंद, पाह्य ना तू." मी हसलो. तिनं मला पकडून चढावर नेलं असतं तरी मी हसलोच असतो, कारण जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हा माझा जुना राग होता. वर्गात दर वर्षी कोणीतरी विचारायचं, सर, त्याने गाडी पळते का जास्त, आणि मी फळ्यावर आकृती काढून ती समजूत चिरडून टाकायचो.

त्याच उन्हाळ्यात रश्मी आली होती आणि आम्ही चौघं ताईच्या गाडीनं चिखलदऱ्याला निघालो. परतवाड्याला पेट्रोल घ्यायला थांबलो. "प्रीमियम टाका भाऊ," ताई खिडकीतून म्हणाली. "साधं टाका," मी शेजारून म्हणालो. पंपावरचा माणूस नळी धरून दोघांकडे बघत राहिला.

"काहून? गाडी माही हाय ना? पुढं घाट हाय, मले आवाज नको."

घरात आम्ही वऱ्हाडीच बोलतो, पण वाद घालायचा असला की मी पुस्तकी मराठीवर येतो. तसाच आलो. "ताई, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र दाबली जाते. ठिणगी पडायच्या आधीच ते मिश्रण आपोआप पेटू नये, दाब सोसून थांबावं, ही जी सोसण्याची शक्ती, तिचा आकडा म्हणजे ऑक्टेन. भारी इंजिनात दाब जास्त, त्याला ते लागतं. तुझ्या गाडीचा दाब कमी. तिला साधं पेट्रोल भरपूर झालं. महागाचं टाकून ना तुझं ॲव्हरेज वाढणार, ना पिकअप."

"पिकअपचं कोन म्हनून राहिलं? मी म्हनून राहिली, आवाज येत नाही."

"तो तुझ्या मनाचा खेळ आहे."

मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्या माणसानं साधं पेट्रोल भरलं. गाडी ताईची, पैसे देणारी ताई, स्टिअरिंगवर ताई, आणि ऐकलं त्यानं माझं. घाटात ताई एक शब्द बोलली नाही. चढ आला की ती माझ्याकडे एक नजर टाकायची. काचा वर होत्या, एसी चालू होता, आणि मी रश्मीला दऱ्या आणि कॉफीच्या झाडांबद्दल माहिती देत होतो. आज मला लोक विचारतील, एवढा अनुभवी माणूस, तुम्हाला आवाज नाही आला का? मी बोलत होतो. मी बोलत असताना मला आयुष्यात कधी काही ऐकू आलेलं नाही.

पण ते काहीच नाही. माझी खरी लाज पुढे आहे, आणि ती सांगायची म्हणूनच मी हा लेख लिहायला बसलो. त्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही अकोल्याला गेलो. घरात भाऊजींकडचीही दोन-तीन माणसं होती. सकाळी मी ताईची गाडी घेऊन बाहेर पडलो, हवा भरून आणतो म्हणून. पंपावर गेलो आणि तळाला गेलेली टाकी साध्या पेट्रोलनं काठोकाठ भरली. ताईनं ओवाळलं तेव्हा तबकात मी गाडीची किल्ली ठेवली आणि म्हटलं, "ही घे तुझी ओवाळणी. टाकी फुल्ल करून आणली. तुझ्या आवडीचं, महागाचं." तिचा चेहरा... तो चेहरा मला विसरायचा आहे. पंपावरच्या त्या दिवसानंतर आम्ही नीट बोललो नव्हतो. तिला वाटलं, भावानं भांडण मिटवलं. "अरे बापा, काहून एवढा खर्च केला," असं म्हणत ती सगळ्यांना सांगत सुटली.

जेवणं झाल्यावर मीच म्हटलं, चला, चक्कर मारू. ताई चालवायला, मी शेजारी, मागे नंदा, रश्मी आणि भाऊजींची चुलत बहीण. मी गाडी उड्डाणपुलाकडे न्यायला लावली. पुलावर चढताना विचारलं, "येतो काय गं आवाज?" ताई म्हणाली, "नाही." मी पुन्हा वळवायला लावून पुन्हा चढवली. "आता?" ती म्हणाली, "नाही ना बावा. मस्त चालून राहिली आज." मी मागे वळलो आणि वर्गात जसा निकाल सांगायचो तसा सांगितला. टाकीत साधं पेट्रोल आहे, महागाचा एक थेंबही नाही, बघा, नाव बदललं की आवाज बंद होतो. चुलत बहीण मोठ्यानं हसली. नंदाही थोडी हसली. रश्मी हसली नाही. ताईनं पूल उतरून गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला, काच पुसली, जणू काचेवर काही होतं, आणि म्हणाली, "बरं झालं. शंका मिटली." घरी येऊन तिनं सगळ्यांना चहा केला. निघताना नंदाच्या हाती चकल्यांचा डबाही दिला.

त्यानंतर ताई बदलली असं मी म्हणणार नाही. ती माझ्यापुरती बदलली. महिन्यातून एकदा यायची, मग सणावारी. गाडीबद्दल तिनं मला पुन्हा काही विचारलं नाही. फोन केला की "बरं हाय, तू कसा?" एवढंच. रस्त्याचे वृत्तांत बंद झाले. मला वाटलं, वय झालं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण आता कोणी आपलं अज्ञान माझ्यासमोर मांडत नव्हतं. अशी चार वर्षं गेली. चार वर्षं मी माझ्या बहिणीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ते मला खटकलं नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. "फार शांत स्वभाव होता हो," असं सगळे म्हणून गेले. शांत! जिचं तोंड दिवसभर बंद नसायचं त्या बाईबद्दल. त्या संध्याकाळी मी आणि रश्मी ताईच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. गाडीचं काय करायचं, मी विचारलं. रश्मी म्हणाली, तुम्ही अमरावतीला न्या आणि विकून टाका. मग जराशानं म्हणाली, "मामा, एक विचारू? त्या भाऊबीजेला तुम्हाला खरंच नव्हता ऐकू आला आवाज? मला मागे बसून येत होता."

मी म्हटलं, तुझी आईच म्हणाली ना, येत नाही म्हणून.

"मी तिला रात्री विचारलं होतं. ती म्हणाली, 'येत होता ना. चांगला येत होता. पन तो एवढ्या हौसेनं भरून घेऊन आला, ओवाळनी म्हनून. त्याले कसं सांगू, का तुह्या पेट्रोलनंही आवाज जात नाही?' मी म्हटलं, मग नंतर का नाही सांगितलं, तुम्ही साधं भरलंय म्हणालात तेव्हा? तर म्हणाली, 'तवा सांगितलं असतं तर सगळे म्हनले असते, हारली म्हनून बोलून राहिली.'"

रश्मी ओट्याकडे बघत पुढे सांगत राहिली, तिलाही कुठेतरी ओकून टाकायचं होतं. शेवटचे दोन महिने ताईला जिना चढताना छातीत भरून यायचं. सपाटीवर काही नाही, फक्त चढताना. शेजारच्या काकूंना तिनं ते सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, भावाला कळवा, अमरावतीत त्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. त्यावर ताई म्हणाली होती, "त्याले सांगितलं तर तो मलेच विचारन, तुले कसं समजलं?" रश्मीलाही तिनं कळवलं नाही, कारण रश्मीनं लगेच मला फोन केला असता. हे रश्मीनं कसलाही आरोप न करता सांगितलं. आरोप केला असता तर मला बाजू मांडता आली असती.

ताईवरही माझा राग आहे, हे लिहून ठेवतो. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण ती कोणाचं ऐकणारी नव्हती, लाइनमनशी भांडायची, साहेबांशी भांडायची. माझ्याशीच का नाही भांडली? दोन शिव्या घातल्या असत्या, गाडीची किल्ली तोंडावर फेकली असती, तर मी काय केलं असतं? मला माहीत आहे मी काय केलं असतं. तरी राग आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन एकटा निघालो. टाकीत तिनं भरलेलं पेट्रोल होतं, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात पंपाच्या पावत्या. चार वर्षं ती महागाचंच भरत होती, मला न सांगता. उड्डाणपुलावर गाडी चढली, आवाज नाही. मूर्तिजापूरला, बडनेऱ्याला, कुठेच नाही. घरी आल्यावर ते पेट्रोल संपेपर्यंत गाडी गावात फिरवली, मग साधं भरलं, आणि मे महिन्यातल्या भर दुपारी एकटाच परतवाड्यावरून घाटाला लागलो. एसी बंद, काचा खाली. शेजारी कोणी नव्हतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. पहिल्याच मोठ्या चढावर आवाज सुरू झाला. वाटीत शेंगदाणे टाकून हलवल्यासारखा. तिनं सांगितलं होतं अगदी तसा. एखाद्या पोरानं सुद्धा ओळखला असता. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली, मग पुन्हा चालू केली, आणि वरपर्यंत तो आवाज ऐकत गेलो.

यात गूढ काही नाही. मी दर वर्षी जो धडा शिकवायचो त्याच धड्यात शेवटी हे होतं, आणि मी ते पोरांना वहीत लिहून द्यायचो. इंजिन जुनं झालं, थोडं ऑइल जाळू लागलं, गाडी गावातल्या गावात कमी अंतरावर फिरली, की पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर बसतो. आतली जागा कमी होते, दाब वाढतो, उष्णता वाढते, आणि ज्या इंजिनाला साधं पेट्रोल पुरत होतं तेच इंजिन चढावर, उन्हात, साध्या पेट्रोलवर नॉकिंग, म्हणजे हीच टकटक, करू लागतं. मग जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की आवाज थांबतो. म्हणजे मी जे सांगत होतो तेही खरं होतं, आजही आहे. धडधाकट साध्या गाडीला महागाच्या पेट्रोलचा काही उपयोग नाही, वाचकांनी उगाच भरू नये, कंपनीनं पुस्तिकेत लिहिलंय तेवढं पुरे. फक्त ताईची गाडी धडधाकट राहिली नव्हती, आणि ते ती मला सांगत होती. पेट्रोलची जाहिरात तिनं माझ्यापुढे कधी केलीच नाही. तिनं एक आवाज सांगितला होता. कधी येतो, कधी येत नाही, कशानं थांबतो, सगळं नीट सांगितलं होतं. इतकी नेमकी तक्रार तीस वर्षांत माझ्याकडे एकाही गिऱ्हाइकानं किंवा विद्यार्थ्यानं आणली नव्हती.

पुढच्या शनिवारी एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये मी स्वतः इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. चारही पिस्टनवर काळा, खडबडीत थर होता, नखानं निघत नव्हता. तो खरवडला, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवीन गॅस्केट टाकलं. रविवारी दुपारी गाडी चालू झाली. दीड दिवसाचं काम. साधं पेट्रोल भरून पुन्हा घाटात गेलो. आवाज नाही.

गेल्या आठवड्यात दर्यापूरकडच्या एक शिक्षिका नवऱ्याला घेऊन गाडी बघायला आल्या. नवरा टायर बघत होता, किंमत कमी करायला काय काय सापडतं ते शोधत होता. बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला आणि म्हणाल्या, "काका, हिला कोणतं पेट्रोल टाकता तुम्ही?"

"साधं," मी म्हटलं. "साधं पुरते तिले."

"आणि आवाज वगैरे काही नाही ना?"

"आता नाही," मी म्हटलं.